कुजायचं राहून गेलेलं

माझ्या टेबलावर दगडी कोळशाचा एक तुकडा असतो. मुठीत जेमतेम मावेल एवढा, जाडीला आठ सेंटिमीटर. भूविज्ञानात आयुष्य घालवलेल्या एका मैत्रिणीने तो मला वर्तमानपत्रात गुंडाळून दिला आणि देताना एवढंच म्हणाली, "कागदांवर ठेवू नकोस हं, सगळं काळं करेल." मी अर्थातच कागदांवरच ठेवला. वजन म्हणून. चार दिवसांनी उचलला तर खाली काळी भुकटी. पुसली. आठवड्याने पुन्हा भुकटी. मला वाटलं, माझ्याच उचल-ठेवीने झिजतोय. तिला विचारलं तर हसली. "अगं, झिजत नाहीये तो. त्याला हवा लागलीय."

हे वाक्य मी तेव्हा नुसतं ऐकून घेतलं. ते कळायला बराच काळ गेला.

कोळसा कसा तयार झाला, हे शाळेत दोन ओळींत उरकलं होतं. झाडं गाडली गेली, दाब आणि उष्णता मिळाली, कोळसा झाला. यात चुकीचं काही नाही. पण ते वाचून असं वाटतं, की सगळी करामत दाबाची आणि उष्णतेची. खरं नवल त्याच्या आधीच घडून गेलेलं असतं. ते झाड कुजलं कसं नाही? पडलेलं झाड कुजतंच. बुरशी येते, किडे येतात, जिवाणू येतात, आणि झाडाने जन्मभर उन्हाच्या जोरावर हवेतून ओढून घेतलेला कार्बन पुन्हा हवेत जातो. घेतलं तेवढं परत. हा व्यवहार कोट्यवधी वर्षं इतका चोख चाललाय, की हजारातला जेमतेम एखादा भाग त्यातून निसटतो. त्या निसटलेल्या भागातलाही थोडाच पुढे कोळसा, तेल, वायू होऊन आपल्या हाती लागतो. म्हणजे आपण ज्याला ऊर्जासाठा म्हणतो, तो कोणी साठवलेला नाही. ते कुजायचं राहून गेलेलं आहे.

तुकडा उन्हात धरला की त्यातले पट्टे दिसतात. काही काचेसारखे चकचकीत, जिथे फुटलेत तिथे धारदार. काही करडे, मंद, हाताला घट्ट. आणि मधेच एक बारीक, रेशमी तकाकीचा, तंतू-तंतू असलेला थर, ज्याला नुसतं बोट टेकलं तरी बोट काळं. या पट्ट्यांना १९१९ मध्ये मारी स्टोप्स यांनी नावं दिली: व्हिट्रेन, क्लॅरेन, ड्युरेन आणि फ्युझेन. स्टोप्सबाईंना जग ओळखतं ते संततिनियमनाच्या चळवळीमुळे, पण मुळात त्या जीवाश्म वनस्पतींच्या अभ्यासक होत्या. चकचकीत पट्टे बहुतांशी लाकडाचे आणि सालीचे. मंद पट्ट्यांत वनस्पतींचे बारीक अवशेष, बीजाणू आणि मातीचा अंश. आणि बोट काळं करणारा तो चौथा, फ्युझेन, म्हणजे त्या जंगलातला लोणारी कोळसा.

आपण दगडी कोळसा वेगळा मानतो आणि लोणारी वेगळा. इथे दगडीच्याच पोटात लोणारी आहे. त्या दलदलीच्या जंगलात कधीतरी वणवा लागला होता, आणि अर्धवट जळलेली लाकडं ओल्या चिखलात पडली होती. जळून कोळसा झालेल्या लाकडाला बुरशीही तोंड लावत नाही, म्हणून ते जसंच्या तसं राहिलं. हवेत प्राणवायू फारच कमी असता, साधारण पंधरा-सोळा टक्क्यांच्या खाली, तर वणवा पेटलाच नसता. म्हणजे माझ्या बोटाला लागणारी काजळी ही त्या वेळच्या हवेची साक्ष आहे. हे कळल्यावर काही दिवस मी आल्यागेल्याला बोट काळं करायला लावत असे.

कोळशाच्या नावाने ओळखला जाणारा काळ म्हणजे कार्बोनिफेरस, सुमारे ३५.९ कोटी ते २९.९ कोटी वर्षांपूर्वीचा. त्या जंगलांत आपल्या ओळखीचं एकही झाड नव्हतं. फूल नव्हतं, गवत नव्हतं, पक्षी तर फारच पुढची गोष्ट. लेपिडोडेंड्रॉन नावाची झाडं तीस मीटरच्याही वर जात. खोडावर खवल्यांसारखी चौकटी नक्षी, आणि आत लाकूड अगदी थोडं. झाड उभं राही ते मुख्यतः जाड सालीच्या आधारावर. या राक्षसांचे आजचे नातलग घोट्याएवढे उंच असतात, दलदलीच्या काठाने कोणाच्या लक्षातही न येता वाढतात. तेव्हाच्या हवेत आजच्यापेक्षा बराच जास्त प्राणवायू होता आणि त्या हवेत पाऊण मीटरला थोडे कमी असे पंख पसरून चतुरासारखे कीटक उडत.

या काळाबद्दल एक गोष्ट मला फार आवडायची. ती अशी: झाडांनी लाकूड टणक करणारं लिग्निन शोधून काढलं, पण ते पचवणारी बुरशी अजून जन्मालाच आली नव्हती. म्हणून झाडं पडत गेली, न कुजता थप्पी लागत गेली आणि पुढे त्याचाच कोळसा झाला. मग लिग्निन खाणारी बुरशी आली आणि हे दुकान बंद पडलं. बुरशींच्या जनुकांच्या अभ्यासातून २०१२ मध्ये या गोष्टीला पाठबळही मिळालं. लाकूड पोखरणाऱ्या पांढऱ्या बुरशीचा पूर्वज सुमारे २९ कोटी वर्षांपूर्वीचा निघाला. कशी बेतीव, गोळीबंद गोष्ट! मी ती किती जणांना ऐकवली असेल.

मैत्रिणीने ती मोडून टाकली. २०१६ मध्ये काही संशोधकांनी हिशेब मांडून दाखवला होता, की हे जमत नाही. कोळशात सापडणारी कित्येक झाडं मुळात सालीची, त्यांच्यात लिग्निन कमीच. कार्बोनिफेरस संपल्यावरही, बुरशी हजर असताना, कोळसा भरपूर साचत राहिला. आणि सगळ्यात मोठी अडचण अशी, की लिग्निन खाणारं कोणीच नसतं तर झाडांनी हवेतला कार्बन डायऑक्साइड दहा लाख वर्षांच्या आतच संपवला असता. मग सहा कोटी वर्षं ती जंगलं वाढली कशावर?

खरं कारण कमी रंगतदार, पण मला आता तेच जास्त पटतं. जमीन खचत होती. त्या काळात खंड एकमेकांवर येऊन आदळत होते, सगळे मिळून पँजिया नावाचं एकच महाखंड घडत होतं. डोंगर वर उचलले जात होते आणि त्यांच्या पायथ्याची जमीन त्यांच्या भाराने वाकून खाली जात होती. ते नेमकं विषुववृत्ताच्या भरपावसाच्या पट्ट्यात. पाणी साचलं, दलदल झाली. साचलेल्या पाण्यात प्राणवायू पोचत नाही, आणि त्याच्याशिवाय कुजवणाऱ्यांचं काम अडतं. पडलेला पाला-लाकूड अर्धवट कुजून पीट होतं. आता इथे एक नाजूक गणित आहे. पीट वाढतं वर्षाला साधारण एक मिलिमीटर. जमीन त्याहून भरभर खचली तर समुद्र किंवा नदी आत शिरते, वर चिखल-वाळू बसते आणि जंगल बुडतं. हळू खचली तर पीट पाण्याच्या वर येतं, त्याला हवा लागते आणि ते कुजून जातं. दोन्ही वेग जुळले, आणि हजारो वर्षं जुळलेले राहिले, तरच जाड थर. बुरशीच्या गोष्टीत एक नायक होता. इथे नायक कोणीच नाही, नुसता योग आहे.

पुढचं ते शाळेतलं. वर गाळाचे थर चढतात, पीट दबतं, तापतं, आधी पाणी निघून जातं, मग कार्बन डायऑक्साइड, मग मिथेन, आणि मागे उरलेल्यात कार्बनचं प्रमाण वाढत जातं. आधी पीट, मग कोळशाचे चढते प्रकार: लिग्नाइट, बिट्युमिनस, अँथ्रासाइट. दहा मीटर पिटाचा ढोबळमानाने एक मीटर कोळसा होतो. म्हणजे एका मीटरमागे दहा हजार वर्षं. मी लगेच पट्टी घेतली. माझा आठ सेंटिमीटरचा तुकडा म्हणजे आठशे वर्षांचं जंगल. तो वणव्याचा थर जेमतेम दोन मिलिमीटर. वीस वर्षं म्हणायची, की एकच रात्र? वणव्यापुढे माझी पट्टी चालत नाही.

हा तुकडा मात्र कार्बोनिफेरसचा नाही. तो त्याच्या नंतरच्या, पर्मियन काळातला आहे, आणि त्याच्या जंगलात लेपिडोडेंड्रॉन नव्हते. तिथे ग्लॉसोप्टेरिस होतं, जिभेच्या आकाराच्या पानांचं झाड. हे जंगल विषुववृत्तावरचं नव्हे, तर दक्षिण ध्रुवाकडचं. हिमनद्या मागे सरल्या आणि त्यांच्या मागोमाग ही झाडं आली. या कोळशाच्या खाली हिमनद्यांनी वाहून आणलेल्या गोट्यांचे थर सापडतात; ओडिशातल्या तालचेरला ते १८५६ मध्येच ओळखले गेले. जिथे आज घाम थांबत नाही तिथे बर्फाच्या खुणा! ध्रुवाकडे हिवाळ्यात महिनोन् महिने अंधार असायचा, म्हणून ग्लॉसोप्टेरिस पानं गाळत असे. एकाच हंगामात गळालेल्या पानांचे थरच्या थर दगडात मिळतात.

भारत, दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, दक्षिण अमेरिका, सगळीकडे तीच जीभ. मध्य भारतातल्या या खडकांना गोंड लोकांच्या मुलखावरून 'गोंडवाना' हे नाव १८७२ च्या सुमारास पडलं, आणि १८८५ मध्ये ऑस्ट्रियाचे एडुआर्ड स्यूस यांनी ते उचलून एका हरवलेल्या खंडाला दिलं. हे नाव लक्षात ठेवा, स्यूस पुन्हा भेटणार आहेत.

हे सगळे भूभाग एकेकाळी जोडलेले होते, याचा पुरावा अपुरा होता तो अंटार्क्टिकाचा. मारी स्टोप्स, त्याच, पट्ट्यांना नावं देणाऱ्या, १९०४ मध्ये अंटार्क्टिकाच्या मोहिमा करणाऱ्या कॅप्टन स्कॉट यांना भेटल्या आणि आपल्यालाही मोहिमेत घ्या म्हणाल्या. त्यांना नेलं नाही, पण जीवाश्म आणायचा शब्द स्कॉटनी दिला. फेब्रुवारी १९१२ मध्ये ध्रुवावरून परतताना, उपाशी, थकलेले, हिमदंशाने हैराण झालेले ते लोक बियर्डमोर हिमनदीपाशी दगड गोळा करत थांबले. तिथे कड्यात कोळशाचे थर दिसत होते. पुढे सगळे वाटेत मेले. नोव्हेंबरात शोधपथकाला मृतदेह सापडले तेव्हा त्यांच्यासोबत सुमारे १६ किलो दगड होते. टाकले नव्हते. १९१४ मध्ये त्यांतल्या पानांची ओळख पटली: ग्लॉसोप्टेरिस इंडिका. बर्फाच्या खंडात मिळालेल्या पानाच्या नावात 'इंडिका'! ते सोळा किलो ओढल्याने ते मेले का, यावर वाद घालणारे घालोत. मला नेहमी वाटतं, एवढ्या थंडीत त्यांनी हातात धरला तो एकेकाळच्या जंगलाचा पालापाचोळा होता.

तेलाकडे यायला मला नेहमी उशीर होतो, कारण ते हातात धरता येत नाही. शिवाय त्याच्याभोवती डायनोसॉरचा गैरसमज आहे. तेल डायनोसॉरचं नाही. ते मुख्यतः समुद्रातल्या शेवाळाचं आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या तरंगत्या जिवांचं आहे. ते मेले की धुळीच्या पावसासारखे खाली झरतात. बहुतेकांना वाटेतच कोणीतरी खातं. पण काही समुद्रांत तळाच्या पाण्यात प्राणवायूच नसतो. आजचा काळा समुद्र तसा आहे. दीड-दोनशे मीटरच्या खाली त्यात श्वास घेणारं काही जगत नाही. तिथे पडलेलं राहतं. पुन्हा तीच कथा, फक्त दलदलीच्या जागी समुद्राचा तळ.

हा काळा चिखल दबून शेल नावाचा खडक होतो आणि त्यातल्या जैव पदार्थाचं केरोजेन, म्हणजे तेलाच्या आधीची अवस्था. खोली वाढते तसं तापमान वाढतं, दर किलोमीटरला साधारण पंचवीस-तीस अंश. साठ अंशांच्या आसपास केरोजेनमधून तेल सुटू लागतं, एकशेवीसच्या पुढे ते कमी होत जातं आणि वायूच जास्त उरतो. लाखो-कोट्यवधी वर्षं मंद आचेवर. सुटलेलं तेल हलकं असतं, ते खडकातल्या बारीक भेगा-छिद्रांतून वर चढत जातं, आणि वर पोचलं की तिथले जिवाणू त्यावर ताव मारतात. म्हणजे बहुतेक तेलही शेवटी कुजतंच, फक्त उशिरा. वाचतं ते वाटेत अडकलेलं. जमिनीखाली तेलाची तळी नसतात. विटेत पाणी मुरतं तसं ते वालुकाश्मात, चुनखडकात मुरलेलं असतं, आणि वर एखाद्या घट्ट खडकाचं झाकण लागतं. सौदी अरेबियातलं घवार हे १९४८ मध्ये सापडलेलं सुमारे २८० किलोमीटर लांबीचं क्षेत्र ज्युरासिक काळातल्या उथळ, उबदार समुद्रातल्या चुनखडकात आहे, आणि त्याचं झाकण म्हणजे तोच समुद्र आटून मागे राहिलेला ॲनहायड्राइट नावाचा क्षार.

हे सगळं जीवांपासून आलं, हे कशावरून? मेंडेलीव्हसारख्या माणसाने १८७७ मध्ये मांडलं होतं, की तेल पृथ्वीच्या पोटात लोखंडाच्या कार्बाइडवर पाण्याची क्रिया होऊन बनत असावं. उत्तर मिळालं १९३४ मध्ये. म्युनिकच्या आल्फ्रेड ट्राइब्स यांना कच्च्या तेलात पॉर्फिरिन सापडलं, हरितद्रव्याचा सांगाडा. मधला मॅग्नेशियमचा अणू गेलेला, त्या जागी व्हॅनेडियम बसलेला, कडेच्या फांद्या झडलेल्या, पण कडं तेच. कोट्यवधी वर्षं, किलोमीटरभर खोली, तेवढी उष्णता, आणि तरी हिरवेपणाचा साचा शाबूत. मला कोळशातल्या वणव्याइतकंच हे आवडतं.

आणि या चाळणीतून किती गळतं? २००३ मध्ये जेफ्री ड्यूक्स यांनी आकडेमोड केली. एक गॅलन, म्हणजे पावणेचार लिटरच्या थोडं वर, पेट्रोलमागे जवळजवळ नव्वद टन प्राचीन वनस्पतिद्रव्य. एवढं मूळचं, बाकी सगळं वाटेत खाल्लं, कुजलं, उडून गेलं.

मी हे मैत्रिणीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "जे कुजलं नाही त्याचाच हिशेब करतेस. त्याच्या बदल्यात हवेत काय राहिलं ते बघ." झाड कार्बन घेताना प्राणवायू सोडतं, कुजताना तो परत वापरला जातो. कार्बन गाडला गेला, तर त्याच्या वाट्याचा प्राणवायू वापरायला कोणी उरत नाही. तो हवेतच राहतो. आपण घेतो तो श्वास म्हणजे कोणाचं तरी न कुजणं. (कोळसा-तेल सगळं जाळलं तर श्वास संपेल, अशी भीती नको. गाडलेला बहुतेक कार्बन शेलमध्ये इतका विरळ पसरलाय, की तो कोणी खणायला जाणार नाही. काळजी करायची ती दुसऱ्याच गोष्टींची.)

युरेनियमचं तरी या कथेत काय काम, असं मला वाटायचं. ते तर पृथ्वीच्याही आधीचं, ताऱ्यांच्या स्फोटांत आणि टकरींत घडलेलं. पण त्याचे साठे कसे झाले? सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी सूक्ष्म जिवांनी सोडलेला प्राणवायू हवेत साचू लागला. अशा हवेच्या संपर्कात आलेल्या पाण्यात युरेनियम विरघळतं आणि वाहत जातं. वाटेत कुठे न कुजलेला जैव पदार्थ भेटला, की ते पाण्यातून सुटून तिथेच बसतं. आफ्रिकेतल्या गॅबॉनमध्ये ओक्लो इथे असंच झालं. तिथल्या काळ्या शेलमधून आलेल्या तेलकट द्रव्यापाशी युरेनियम जमलं, आणि इतकं दाट जमलं, की सुमारे दोनशे कोटी वर्षांपूर्वी तिथे आपोआप अणुभट्टी पेटली. तेव्हा युरेनियमातला फुटणारा भाग, युरेनियम-२३५, तीन टक्क्यांच्या आसपास होता. आज तो ०.७२ टक्के आहे. पाणी आत मुरलं की भट्टी चाले, तापून पाण्याची वाफ झाली की विझे: अर्धा तास चालू, अडीच तास बंद. हे चक्र लाखो वर्षं. १९७२ मध्ये फ्रान्समध्ये तिथलं युरेनियम तपासताना हा भाग ०.७२० ऐवजी ०.७१७ टक्के आलं, आणि तेवढ्या फरकावरून हे सगळं उलगडलं. तिसऱ्या दशांश स्थळासाठी हटून बसणाऱ्या माणसांबद्दल मला तेव्हापासून आदर आहे.

आता स्यूस. एडुआर्ड स्यूस यांचा नातू हान्स स्यूस रसायनशास्त्रज्ञ झाला. कार्बन-१४ हा किरणोत्सारी कार्बन ५७३० वर्षांत निम्मा होतो. कोट्यवधी वर्षं पुरलेल्या कोळशात तो औषधालाही उरत नाही. १९५५ मध्ये हान्स यांनी दाखवलं, की अलीकडच्या लाकडात कार्बन-१४ जुन्या लाकडापेक्षा कमी भरतो. हवेत कुठून तरी मेलेला कार्बन मिसळत होता. आजोबांनी हरवलेल्या जंगलाच्या खंडाला नाव दिलं. नातवाला तसल्याच जंगलांचा कार्बन धुरावाटे बाहेर पडून जिवंत झाडांच्या खोडात शिरलेला सापडला.

परवा मैत्रीण आली होती. टेबलाकडे बघून म्हणाली, "तू ठेवलास तो कागदांवरच." तुकड्याची चमक गेलीय, अंगावर बारीक चिरा आल्यात, चकचकीत पट्टा एका कोपऱ्याला ढासळलाय. खाणीतून काढलेले कोळशाचे ढीग असेच हवेतला प्राणवायू घेत आतून तापतात आणि कधी कधी आपोआप पेटतात, ती म्हणाली. माझा पेटणार नाही, फारच लहान आहे. तो फक्त अणू-अणूने हवेत चाललाय.

"काचेच्या बरणीत घाल आणि झाकण घट्ट लाव," ती म्हणाली. "मग राहील."

बरणी आणली आहे. तुकडा अजून टेबलावरच आहे, खाली एक जुना कागद घातलाय.